कऱ्हाड टाइप करून दाखव

परवा एका रोजगार मेळाव्यात टेबल टाकून बसलो होतो. तसं माझं तिथं काही काम नव्हतं, आमचं दुकान ते केवढं, दोन खोल्या, सहा कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि एक म्हातारा स्कॅनर, पण मराठी डीटीपी करायला आणि ऑनलाइन फॉर्म भरायला एक पोरगं नायतर पोरगी हवीच होती आणि ओळखीतला एकजण म्हणाला, या की, खुर्ची देतो. गेलो. दुपारपर्यंत तीस-पस्तीस जण येऊन गेले असतील. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, फाइलमध्ये सर्टिफिकेटं, एमएस-सीआयटी, टॅली, टायपिंग तीस-चाळीस, एकाकडं तर डिजिटल मार्केटिंग आणि एआय दोन्हीची होती, ऑनलाइन चार-चार तासांचे कोर्स केलेली. मी कसला इंटरव्ह्यू घेतोय. लॅपटॉप त्यांच्याकडं वळवायचा आणि म्हणायचं, "कऱ्हाड टाइप करून दाखव."

एवढंच. आपल्याच जिल्ह्यातलं गाव, सातारा स्टँडवरून दर थोड्या वेळानं गाडी आहे.

बहुतेकांनी 'कर्हाड' केलं, ह वर रफार चढवून. काहींनी सरळ 'कराड' टाइप केलं आणि म्हणाले सर दोन्ही चालतं की (चालतं, वाद नाही, पण मी ते विचारलं नव्हतं). एकानं मोबाइल काढला, तोंडानं बोलला, शब्द बरोबर आला, मी म्हटलं झकास, आता हा लॅपटॉपमध्ये आण, तर त्यानं तो स्वतःलाच व्हॉट्सॲप केला, मग लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडायला गेला, तिथं नेट लागेना, विषय संपला. पस्तिसात दोघांना जमलं.

आता तुम्ही म्हणाल हे काय मास्तरकी करतोय. मला शुद्धलेखनाचा पुळका नाही हो, मीच हजार चुका करतो. पण हा जो आडवा र आहे ना, ऱ्ह मधला, ऱ्या मधला, तो मराठीत पावलोपावली लागतो, दुसऱ्या, तऱ्हा, वऱ्हाड, आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्याला. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, म्हणजे मराठीच्या ठरलेल्या मांडणीवर, शिफ्ट धरून 'J' दाबायचं, मग 'D' म्हणजे हलन्त, मग 'U' म्हणजे ह. तीन बोटांचं काम. आणि ते नाही आलं तर काय होतं ते मी सोसलंय. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेची सभासद यादी आमच्याकडं टाइप करायला आली होती, दोन पोरांनी वाटून घेतली, एकानं गावाच्या रकान्यात कऱ्हाड लिहिलं, दुसऱ्यानं कर्हाड. आपण दोन्ही एकच वाचतो. कॉम्प्युटरला ती दोन वेगळी गावं. सभेच्या नोटिसा काढायला त्यांनी फिल्टर लावला आणि निम्मी माणसं गायब. मग सभेत जो काय तमाशा झाला त्याचं बिल माझ्या नावावर फाटलं, आणि खरं सांगायचं तर बरोबरच फाटलं, कारण यादी देण्याआधी मी ती तपासली नव्हती.

हा तपासण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्यावर परत येणार आहे.

मी स्वतः २००२ साली एमएस-सीआयटी केलं. आदल्या वर्षीच, २००१ ला, सरकारनं एमकेसीएल ही कॉम्प्युटर शिक्षणाची कंपनी काढली होती आणि हा कोर्स सुरू झाला होता, गल्लोगल्ली सेंटरं निघाली, सरकारी नोकरीला ते लागतं म्हटल्यावर शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे आमच्याबरोबर बेंचवर. चपला बाहेर काढून आत जायचं. आठवतंय का कुणाला? देवळात जाताना काढतो तशा. मॉनिटरला कव्हर, कीबोर्डला कव्हर, आणि आमच्या बॅचला एक निवृत्तीला आलेले तलाठीभाऊसाहेब होते, ते माऊस उचलून हवेत फिरवायचे. हसायचो आम्ही. पण त्याच भाऊसाहेबांच्या खात्याचा सातबारा आज घरबसल्या ऑनलाइन निघतो, आणि २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची ई-पीक पाहणी आली, म्हणजे ज्यांना कुणी बेंचवर बसवलंच नाही त्या माणसांच्या हातात थेट ॲप दिलं. शेवटी काय, ते आजोबा नातवाला धरून आमच्यासारख्याच्या दुकानात येतात. नातू दहा मिनिटांत रील एडिट करतो, गाणं जोडतो, अक्षरं नाचवतो, खरंच कौतुक आहे, मला ते सात जन्मात जमणार नाही. पण त्याला विचारा फाइल कुठं सेव्ह झाली. "डाउनलोडला." डाउनलोड म्हणजे कुठं? खांदे उडवतो. मोबाइलवर वाढलेल्या पोरांना फोल्डर ही गोष्टच माहीत नाही, सगळं एका पोत्यात आणि लागलं की सर्च.

म्हणून शहरात 'डिजिटल कौशल्य' असे फ्लेक्स लागले की मला आधी विचारावंसं वाटतं, कसलं कौशल्य आणि कुणाच्या कामाचं? सगळ्यांनी पायथॉन प्रोग्रॅमिंग शिकून काय करायचंय? जे शिकतील ते स्वारगेटची विनाथांबा पकडून हिंजवडीला जाणार, जाऊदेत, चांगलंच आहे, दर शनिवारी कंदी पेढे न्यायला परत येतात. प्रश्न जी इथंच राहणार आहेत त्यांचा.

आमचे दाजी एमआयडीसीत सीएनसी सेटर आहेत, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ मशीन लावून देतात. त्यांच्याकडं नवीन आलेलं पोरगं, कोर्स झालेला, जी-झिरो म्हणजे रॅपिड, टूल भरधाव सरकवायचं, जी-वन म्हणजे कटिंग फीड, एम-थर्टी म्हणजे प्रोग्रॅम एंड, सगळं तोंडपाठ. प्रोग्रॅममध्ये त्यानं एक्स पन्नास लिहिलं. फक्त पन्नास, पुढचा टिंब द्यायचा राहिला. आता मशीनला फानुक कंपनीचा कंट्रोल असेल आणि मशीनचं सेटिंग त्या पद्धतीचं असेल तर टिंब नसलेला पन्नास म्हणजे पन्नास मिलिमीटर नाही, पन्नास मायक्रॉन, ०.०५ मिलिमीटर. लेथवर एक्स म्हणजे डायमीटर, म्हणजे टूलला सांगितलं काय तर जॉबच्या, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्याच्या, पार मध्यात जा, आणि तेही रॅपिडनं. दाजी म्हणाले, "सायकल स्टार्टवर बोट ठेवलं होतं त्यानं, मी मागनं बघितलं आणि त्याचा हात धरला." नाहीतर इन्सर्ट म्हणजे टूलचं पातं गेलं असतं, जॉब गेला असता, टूल धरणाऱ्या टरेटला दणका बसला असता, दुरुस्तीचा खर्च त्या पोराच्या कितीतरी पगारांचा. त्या एका टिंबानंतर म्हणे पोरगं आता प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून प्रोग्रॅम वाचतं, आणि पहिला जॉब सिंगल ब्लॉक लावूनच चालवतं, म्हणजे एकेक ओळ.

बघा, हे पण डिजिटल कौशल्यच आहे. पण जाहिरातीत लॅपटॉपवर हसणारी मुलगी असते, हाताला कूलंट लागलेला पोरगा कुणी टाकत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या पलीकडच्या बोळात खानावळ चालवणाऱ्या काकूंची. वय पन्नाशीच्या आसपास, डबे देतात, उधारी मोठी. मला म्हणाल्या, भाऊ मला एक्सेल शिकवा, पोरगा शिकवत नाही, ओरडतो नुसता. शिकवलं. दोन दिवसांनी रागानं परत, तुमचं ते बेरजेचं खोटं आहे, शून्य दाखवतंय. बघितलं तर प्रत्येक चौकटीत '१२ डबे', '९ डबे', '१५ डबे' असं लिहिलेलं. वहीत लिहितात तसंच. मी सांगितलं, काकू, ह्याला डबे कळत नाहीत, ह्याला नुसता आकडा द्या, डबे हा शब्द वर मथळ्यात एकदाच लिहा. त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "म्हंजी ह्याला जेवायला वाढायचं तर ताटातनं लोणचं वेगळं काढून द्यायचं." मी वीस-बावीस वर्षं शिकवतोय, डेटा टाइप ही गोष्ट इतक्या नीट मला सांगता आलेली नाही. मथळे त्यांनीच ठरवले, डबे, दर, जमा, बाकी. तीन आठवड्यांत त्या स्वतः फिल्टर लावायला शिकल्या, कारण समोर खरे पैसे होते, कुणाकडं किती अडकलेत ते दिसत होतं. हाच फिल्टर मी क्लासमध्ये 'एबीसी कंपनीचे कर्मचारी' अशा खोट्या यादीवर शिकवतो तेव्हा पोरं जांभया देतात.

तिसरी गोष्ट थोडी लांबण आहे.

२०२३ च्या शेवटी शेवटी काय चाललं होतं आठवत असेल. सप्टेंबरात निवृत्त न्यायाधीश संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला सगळ्या जिल्ह्यांतली जुनी दप्तरं बाहेर निघाली. आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही, त्याला गावात पुरेसे कट्टे आहेत. पण एक गंमत झाली, मोडी वाचणारी माणसं एकदम हवीहवीशी झाली. इतकी वर्षं कोण विचारत होतं मोडीला? आणि नुसतं वाचून भागत नव्हतं, पान स्कॅन करा, नाव द्या, अपलोड करा. आमच्याकडं इतिहासात एमए करणारी एक पोरगी यायची झेरॉक्सला, तिनं हौसेनं मोडी शिकलेली. तिला कुणीतरी घरगुती कागद दिले होते, वाड्यातल्या पेटीतले, एका कुटुंबाला आपल्या नोंदी हव्या होत्या. ती म्हणाली दादा, स्कॅनर वापरू का, तासाचे पैसे देते.

पहिल्या दिवशी तिनं साठेक पानं स्कॅन केली. संध्याकाळी फोल्डर उघडला तर स्कॅन शून्य शून्य एक, स्कॅन शून्य शून्य दोन, असं साठपर्यंत. कुठलं पान कुठल्या गावाचं, कुठल्या सालाचं, काही पत्ता नाही, परत प्रत्येक पान उघडून मोडी वाचायची. रडकुंडीला आली. मग बसलो दोघं. आधी गाव, मग साल, मग दप्तराचा नंबर, मग पान, मध्ये आडवी रेघ, आणि पान नंबर एक नाही तर शून्य शून्य एक, नाहीतर काही ठिकाणी दहा नंबर दोनच्या आधी येऊन बसतो. स्कॅनचा बारीकपणा तीनशे डीपीआय पुरतो, सहाशेला फाइल उगाच फुगते. चुरगळलेला कागद काचेवर दाबायचा नाही, आधी सपाट होऊ द्यायचा. झाकण मिटत नसेल तर वरून काळं कापड. ह्यातलं निम्मं मला माहीत होतं, निम्मं तिच्या मोडीच्या सरांना, ते रिटायर्ड गृहस्थ, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत पण रोज संध्याकाळी येऊन खुर्ची टाकून बसायचे आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणायचे, "हे साल चुकलंय, हा फसली आहे, इसवी सन नव्हे." फसली म्हणजे जुनी महसुली वर्षगणना, त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन. आता ते फाइलच्या नावात चुकलं असतं तर कुणाच्या बापाला सापडलं नसतं.

महिन्याभरात ती पोरगी अशी तयार झाली की तालुक्याच्या गावाहून लोक पत्ता विचारत यायला लागले. तिच्याकडं कॉम्प्युटरचं एकही सर्टिफिकेट नाही. एमएस-सीआयटीसुद्धा नाही!

तर मला जे वाटतं ते असं की, कौशल्य यायला खरं काम लागतं आणि ते काम तपासणारा एक माणूस लागतो. दाजींनी हात धरला, मास्तरांनी फसली पकडली. पतसंस्थेच्या यादीला तपासणारा नव्हता, म्हणजे मी होतो पण झोपलो होतो. आणि आपल्याकडं अनुदान मिळतं ते मशीनला. तपासणाऱ्या माणसाला कुणी पैसे देत नाही. एका शाळेत मी कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलो होतो, नाव नाही घेत, आठ मशीन अनुदानातनं आलेली, यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या, खोलीला कुलूप, किल्ली ज्या सरांकडं ते निवडणुकीच्या ड्युटीवर. मी व्हरांड्यात तासभर थांबलो आणि परत आलो. त्या सरांचा तरी काय दोष, ते गणिताचे सर, त्यांना कुणी शिकवलंय?

केरळवाल्यांनी हे आधी ओळखलं. २००१ ला त्यांनी शाळांसाठी आयटी ॲट स्कूल काढलं, मोफतचं सॉफ्टवेअर घेतलं, आणि आधी मास्तरांना बसवलं बेंचवर. पुढच्या वर्षी मलप्पुरम जिल्ह्यात अक्षय केंद्रं सुरू केली, ध्येय काय तर दर घरातल्या एका माणसाला कॉम्प्युटर आला पाहिजे. घरातला एक! किती साधा हिशोब. २०१८ पासून त्यांच्या शाळांत लिटल काइट्स म्हणून क्लब आहेत, त्यात पोरं हार्डवेअर, ॲनिमेशन वगैरे शिकतातच पण त्यात मल्याळम कॉम्प्युटिंग हा वेगळा विषय आहे. म्हणजे त्यांच्याकडं त्यांचं कऱ्हाड शाळेतच टाइप होतं. आणि एस्टोनिया, १९९६ ला त्यांनी टायगर लीप जाहीर केलं, सगळ्या शाळांत कॉम्प्युटर, इंटरनेट आणि मास्तरांचं ट्रेनिंग. देश म्हणून दबून जायचं कारण नाही, त्यांची लोकसंख्या तेरा-चौदा लाख, आपला सातारा जिल्हा २०११ च्या जनगणनेत ३० लाखांचा.

आणि आपल्याला तर लांब बघायचीही गरज नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ ला काल्याला रयत काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, १९२७ ला गांधीजी येऊन त्याला शाहू महाराजांचं नाव देऊन गेले. तिथली पोरं स्वयंपाक करायची, शेतात राबायची, आणि शिकायची. लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी अंगावरचं सोनं मोडलं हे साताऱ्यात शेंबड्या पोरालापण माहीत आहे. आपण काय करतो, जयंतीला प्रभातफेरी काढतो. कमवा आणि शिका अजून चालू आहे कॉलेजांमध्ये, पण काम काय असतं, लायब्ररीत पुस्तकं लावा, बागेला पाणी घाला. वाईट नाही काही. पण त्या वेळी शेत होतं म्हणून शेतातलं काम दिलं, आज गावाचं शेत कुठलं आहे ते तरी बघा की.

कामाला तोटा आहे का? २०२० ला साताऱ्याची हद्दवाढ झाली, शाहूपुरी वगैरे भाग शहरात आला, सगळ्यांच्या मिळकती, नळ, नावातल्या चुका, एकेका नावाची तीन-तीन स्पेलिंगं. साताऱ्यातल्या राजपथावरच्या निम्म्या दुकानांचा स्टॉक अजून मालकाच्या डोक्यात. जुन्या वाचनालयांच्या पुस्तकांच्या याद्या वहीत. कुठल्याही कॉलेजच्या दहा पोरांना चार महिने ह्यातलं एकेक काम द्या, तासाचे पैसे द्या, आणि वर एक तपासणारा बसवा, रिटायर्ड क्लार्क असो, अकाउंटंट असो, डोळ्यात तेल घालून बघणारा पाहिजे, आणि त्यालाही मानधन द्या, सत्कार नको. (नारळ-शाल तर अजिबात नको, माझ्याकडंच चार पडून आहेत.)

२०२४ ला सरकारनं युवा कार्यप्रशिक्षण आणलं, लोक लाडका भाऊ म्हणतात ते, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीधराला १० हजार महिना, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. कल्पना चांगलीच आहे, मी स्वतः चार पोरांचे फॉर्म भरून दिले. त्यातल्या एकाला एका कार्यालयात रोज काय काम तर साहेबांच्या झेरॉक्स, तेही माझ्याच दुकानात. मी विचारलं, काय शिकलास रे? म्हणाला, "सर, पाठपोट झेरॉक्स कशी मारायची ते कळलं." हसला तो. मी नाही हसलो, कारण पोरगं हुशार आहे, फक्त त्याचं काम तपासायला तिथं कुणाला वेळ नाही म्हणून त्याला कामच देत नाहीत.

मेळाव्यातल्या ज्या दोघांना कऱ्हाड जमलं त्यातल्या एकाला मी ठेवून घेतला. अकरा दिवस आला. नंतर शिरवळच्या कंपनीत लागला, जवळजवळ दुप्पट पगार, दारात कंपनीची बस, कँटीनचं जेवण. जाताना पेढे घेऊन आला, त्याच्यावर रागवू तरी कसा. आता मोडीवाली पोरगी संध्याकाळी दोन तास काउंटर बघते, पण तिचा प्राध्यापकीच्या नेट परीक्षेचा अभ्यास चाललाय, तीही जाणार आज ना उद्या.

तर माझ्याकडं सकाळी अकरा ते तीन दोन मशीन रिकामी असतात. साताऱ्यातल्या कुणा दुकानदाराकडं उधारीची वही असेल, स्टॉकची असेल, ती घेऊन यायची तयारी असेल तर या. पोरं मी शोधतो, तासाचे पैसे तुम्ही द्यायचे, तपासायला मी बसतो. ह्यावेळी जागा राहून. खानावळीच्या काकूंनी पहिला नंबर लावलाय, त्यांना आता पोळीच्या पिठाचा हिशोब पण एक्सेलला घ्यायचाय, आणि कोणत्या पोराला घ्यायचं ते आपणच ठरवणार म्हणतायत.